घरासाठी घडीव लोखंडातील पानाफुलांचे काम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातील घरासाठी गेट, कठडा, खिडकीची जाळी किंवा दिव्याची बैठक घडीव लोखंडात करून घेऊ इच्छिणाऱ्यांनी आमच्या भट्टीवर येऊन जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो, आणि किनाऱ्यावरची हवा बारा महिने खारट असते. म्हणून ही उत्तरे मुख्यतः याच प्रदेशातील घरांसाठी आहेत. घाटावरच्या कोरड्या गावांत यातील काही काळजी घेण्याची गरज पडणार नाही.

नक्षीसाठी कोणती झाडे, वेली निवडाव्यात?

आपल्या परसात, कुंपणावर आणि वाटेच्या कडेला जे वर्षानुवर्षे वाढत आले आहे त्यातूनच निवड करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. छापील नमुन्यांच्या वह्यांत द्राक्षवेल आणि अकँथसची पाने हमखास असतात. ती सुंदर आहेत, पण अकँथस ही भूमध्य समुद्राकाठची वनस्पती आहे आणि ज्यांच्या दारात फणस उभा आहे त्यांना ती रोज पाहून काहीही आठवणार नाही. वास्तुविशारद अंतोनी गौदी यांनी १८८३ ते १८८५ या काळात स्पेनमधील बार्सिलोना येथे कासा व्हिसेन्स हे घर बांधले, तेव्हा त्या परिसरात वाढणाऱ्या बुटक्या ताडाचे पंख्यासारखे पान त्यांनी कुंपणाच्या जाळीसाठी घेतले. ते काम ओतीव, म्हणजे वितळवून साच्यात ओतलेल्या लोखंडाचे होते, तापवून ठोकलेले घडीव नव्हते, परंतु नमुना जागेवरूनच उचलावा हा त्यांचा विचार आम्हाला आजही अनुकरणीय वाटतो.

इथल्या काही वनस्पती तर लोखंडासाठीच घडल्यासारख्या आहेत. पावसाळ्यात कुंपणावर चढणाऱ्या कळलावीच्या पानाचे टोक आपोआप निमुळते होत तणाव्यासारखे वळते. तापलेली सळई ओढून बारीक केली की तीही अशीच वळते, त्यामुळे या पानासाठी वेगळा जोड करावा लागत नाही. कोवळ्या नेच्याची गुंडाळी कठड्याच्या टोकाला शोभते. चौकोनी सळईला पीळ दिला की मुरुडशेंगेचा आकार जवळजवळ तयारच होतो. कांदळाची खाडीच्या चिखलात उतरणारी आधारमुळे गेटच्या खालच्या भागासाठी उत्तम, कारण त्यांची कमान भार खरोखरच पेलते. माडाची झावळी खिडकीच्या उभ्या गजांसाठी योग्य आहे. चतुर्थीला गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या माटोळीत बांधल्या जाणाऱ्या कांगलां या रानफळांचे घोस आम्ही गणपतीच्या खोलीतील जाळीसाठी सुचवतो. ऐनाची साल सुसरीच्या पाठीसारखी तडकलेली असते, आणि जाड खांबावर बोथट छिन्नीने तापल्या लोखंडात ती छान उतरते.

अबोली, मोगरा यांसारखी नाजूक फुले मात्र बाहेरच्या कामात टाळावीत. त्यांच्या पाकळ्या हुबेहूब करायच्या तर पत्रा कागदासारखा पातळ लागतो, आणि गंज सर्वांत आधी तिथेच आरपार जातो. बाहेरच्या कामात आम्ही पाकळीची कड ३ मिलिमीटरपेक्षा पातळ ठेवत नाही.

नक्षी ठरवताना पावसाचा विचार एवढा का करावा लागतो?

कारण निसर्गातून घेतलेले आकार पाणी धरून ठेवू शकतात. वर तोंड केलेले कमळ ही लहानशी वाटीच असते. एकावर एक चढवलेल्या पाकळ्यांच्या फटीत पाणी शिरते आणि दिवसेंदिवस सुकत नाही. लोखंड ओले होण्याने जितके खराब होते, त्याहून कितीतरी अधिक ते ओले राहण्याने होते. अशा फटीत हवा पोहोचत नाही, मीठ साचते, आणि वरचा रंग शाबूत दिसत असताना आतून धातू खाल्ला जातो.

याचे उत्तर झाडांनीच दिले आहे. पिंपळाच्या पानाचे लांबट टोक पाणी खाली टाकण्यासाठी असते, आणि भरपूर पावसाच्या जंगलांतील कितीतरी झाडांना अशी टोके असतात. म्हणून आम्ही पाने शक्यतो टोक खाली झुकलेले ठेवून बसवतो, त्यांची मधली शीर पन्हळीसारखी खोल घेतो आणि पाणी कठड्यावर न ओघळता पागोळीसारखे मोकळे खाली पडेल असे टोक बाहेर काढतो. फूल वर तोंड करूनच हवे असेल, तर तळाशी किमान ६ मिलिमीटरचे भोक ठेवतो. गेटची खालची आडवी पट्टी सपाट न ठेवता थोडी तिरपी ठेवल्यास तिच्यावर पाणी थांबत नाही. हे सारे कागदावरच्या रेखाटनातच ठरवावे लागते. काम उभे राहिल्यावर केलेली दुरुस्ती नेहमी डोळ्यांना खुपते.

हाताने घडवलेले पान आणि बाजारातील तयार पान यांत फरक कसा ओळखावा?

तयार पान बहुधा पत्र्यातून साच्याने कापून दाबलेले असते. त्याची जाडी सर्वत्र सारखी असते, देठ वेगळा डागलेला असतो आणि दहा पाने शेजारी ठेवली तर ती एकमेकांची प्रत असतात. घडीव पान एकाच सळईतून निघते. आम्ही साधारण १२ मिलिमीटरची सळई भट्टीत नारंगी-पिवळी होईपर्यंत, म्हणजे सुमारे १००० ते १२०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतो. आधी टोक निमुळते करतो, मग ऐरणीच्या कडेवर ठोकून पान आणि देठ यांच्यामधली मान काढतो, देठ ओढून लांब करतो आणि त्यानंतरच पान चपटे करतो. हा क्रम बदलला तर मान तुटते. शेवटी बोथट छिन्नीने शिरा उमटवून, लाकडाच्या ठोकळ्यावर पान उलटे ठेवून त्याला खोलगटपणा देतो. लाली गडद झाली की ठोकणे थांबवून सळई पुन्हा आगीत घालावी लागते, नाही तर पातळ कडांना चिरा पडतात.

म्हणून घडीव पानात देठाजवळ धातू जाड आणि कडेला पातळ असतो, हातोड्याचे ठसे बारकाईने पाहिल्यास दिसतात आणि देठ पानात सलग शिरतो. तयार पाने वापरणे गैर नाही. खर्च कमी ठेवायचा असल्यास उंचावर, जिथे हात आणि नजर जवळ पोहोचत नाही, तिथे ती चालतात. पण ती घडीव म्हणून घडीवच्या दराने कोणी विकत असेल, तर ग्राहकाने जरूर विचारणा करावी.

दिल्लीचा लोहस्तंभ शेकडो वर्षे गंजला नाही, मग आमचे गेट पाच पावसाळ्यांत का गंजते?

दोन्हींतील लोखंड वेगळे आहे. त्या स्तंभाच्या लोखंडात स्फुरदाचे प्रमाण आजच्या पोलादाच्या कित्येक पटींनी अधिक आहे, आणि त्यामुळे पृष्ठभागावर एक घट्ट संरक्षक थर तयार झाला आहे. शिवाय दिल्लीची हवा वर्षातील बराच काळ कोरडी असते. आज बाजारात मिळते ते सौम्य पोलाद. त्यात कार्बन साधारण पाव टक्क्यापेक्षा कमी असतो, ते घडवायला मऊ आणि जोडायला सोपे असते, परंतु उघड्यावर त्याला स्वतःचे असे संरक्षण नसते. जुन्या पद्धतीचे, मळीचे (धातू गाळताना उरलेल्या अशुद्ध भागाचे) धागे असलेले घडीव लोखंड आता व्यापारी प्रमाणावर कोठेही तयार होत नाही. तेव्हा आपल्या घराचे काम सौम्य पोलादाचेच असणार हे गृहीत धरून संरक्षणाचा खर्च सुरुवातीलाच अंदाजपत्रकात धरावा.

स्टेनलेस स्टील, पितळ किंवा तांबे वापरता येईल का?

येईल, पण विचारपूर्वक. समुद्राजवळ ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलवर तपकिरी डाग पडतात. तिथे २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असलेली ३१६ प्रत घ्यावी. ती घडवायला अधिक कठीण असते आणि भट्टीतून निघाल्यावर तिच्यावरील काळी खपली आम्लाने धुऊन काढावी लागते, अन्यथा तीही गंजाचे डाग दाखवते.

पितळेची फुले लोखंडी वेलीवर फार देखणी दिसतात, आणि घराच्या आत, राजांगणापासून (घरातील उघड्या चौकापासून) दूर कोरड्या जागी ती बिनधास्त लावावीत. बाहेर मात्र खारट ओलाव्यात पितळ आणि लोखंड एकमेकांना टेकले की लोखंड झपाट्याने झिजते. हौसच असेल तर मध्ये नायलॉनची चकती आणि नळी घालून दोन धातू वेगळे ठेवावेत.

गंजापासून खात्रीचे संरक्षण कोणते?

आमच्या अनुभवात बाहेरच्या कामासाठी जस्ताचा थर आणि त्यावर रंग, या जोडीला तोड नाही. तयार काम आम्लाने स्वच्छ करून सुमारे ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवले जाते आणि जाड भागांवर साधारण ८५ मायक्रॉनचा थर बसतो. रंगाला ओरखडा गेला तरी जस्त आधी झिजते आणि लोखंड वाचते. याचे काही नियम आहेत. पोकळ नळ्यांना हवा आणि जस्त जाण्यायेण्यासाठी भोके ठेवलीच पाहिजेत. बंद नळीत अडकलेला ओलावा वाफ होऊन स्फोट घडवू शकतो. अतिशय पातळ आणि अतिशय जाड भाग एकाच चौकटीत असतील तर ती वाकते. कामाचा आकार जस्ताच्या टाकीत मावेल असा असावा, म्हणून मोठे गेट आम्ही सुट्या भागांत करून बोल्टने जोडतो.

जस्तावर साधा तेलरंग थेट लावू नये. तो काही महिन्यांत साल निघाल्यासारखा सुटतो. आधी पृष्ठभाग किंचित खरबरीत करून इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर पॉलियुरेथेनचा शेवटचा हात द्यावा. नुसती इपॉक्सी उन्हात पांढुरकी पडते.

जस्त देणे शक्य नसेल, तर भट्टीत बसलेली काळी खपली वाळूच्या माऱ्याने पूर्ण काढून, धातू उजळ दिसताच त्याच दिवशी जस्तयुक्त प्रायमर लावावा. खपलीवर लावलेला रंग कितीही महाग असो, तो खपलीबरोबरच गळून पडतो. पावडर कोटिंगबद्दल आम्हाला वारंवार विचारले जाते. घराच्या आत ते चांगले आहे, पण बाहेर एकदा ओरखडा गेला की गंज थराखालून पसरत जातो आणि घरच्या घरी दुरुस्ती नीट होत नाही.

रेतीच्या किनाऱ्यापासून आमचे घर दूर आहे. तरीही एवढे करावे लागेल का?

हवेतील मिठाचे प्रमाण किनाऱ्यापासून आत जाताना झपाट्याने कमी होते. कळंगुट किंवा कोलव्याला समुद्रासमोर असलेल्या घराला जी तयारी लागते, ती सत्तरी किंवा सांग्याच्या घराला लागत नाही. पण आतल्या तालुक्यांत पाऊस अधिक आणि सावली दाट असते, त्यामुळे ओलावा टिकतो आणि शेवाळ धरते. तिथे जस्ताचा थर वगळता येईल. पाणी निथळण्याची रचना मात्र वगळता येणार नाही.

चिऱ्याच्या भिंतीत कठडा किंवा जाळी कशी बसवावी?

या प्रश्नाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, आणि चांगली कामे वाया जाण्याचे हेच मोठे कारण आहे. चिरा सच्छिद्र असतो. पावसात तो पाणी पितो आणि पाऊस संपल्यावरही बराच काळ ओलसर राहतो. त्यात लोखंडाचे टोक थेट गाडले की ते दृष्टीआड गंजत राहते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा लागते, त्यामुळे तो दगड आतून फोडतो. जुन्या घरांच्या बाल्कांवात (दारापुढच्या बैठकीच्या ओसरीत) कठड्याच्या पायाशी उभ्या भेगा दिसतात, त्यामागे अनेकदा हेच कारण असते.

फुगणारे बोल्टही चिऱ्यात वापरू नयेत, कारण त्यांच्या दाबाने दगडाचा कोपरा निघून येतो. जाळीदार नळीत रासायनिक चिकटद्रव्य भरून त्यात ३१६ प्रतीचा आट्यांचा गज बसवावा आणि त्यावर कठड्याची तळपट्टी नटाने आवळावी. त्याहून चांगले म्हणजे बांधकाम चालू असतानाच कठड्याच्या रेषेत काँक्रीटचा पट्टा ओतून घेणे. तळपट्टी आणि दगड यांच्यामध्ये रबराची किंवा नायलॉनची पातळ बैठक द्यावी. कठडा नटबोल्टने सुटा करता येईल असाच बसवावा; पंधरा-वीस वर्षांनी तो काढून पुन्हा रंगवता यावा, यासाठी ही सोय लागते.

लहान मुले असलेल्या घरात वेलीचा कठडा सुरक्षित आहे का?

रेखाटन नीट असेल तर आहे. उंची जमिनीपासून किमान १ मीटर ठेवावी. दोन गजांतील मोकळी जागा १० सेंटीमीटरपेक्षा कमी असावी. ब्रिटनच्या बांधकाम नियमांत १०० मिलिमीटर व्यासाचा गोळा कठड्यातून आरपार जाता कामा नये असे म्हटले आहे, आणि मुलाचे डोके अडकू नये म्हणून तेच माप आम्ही पाळतो. वेलीच्या नक्षीत धोका वेगळाच असतो, तो म्हणजे आडव्या फांद्यांचा. मुले त्यांवर पाय देऊन चढतात. म्हणून वरच्या मजल्यावर फांद्या उभ्या घ्याव्यात आणि फुलांचे घोस वरच्या तिसऱ्या हिश्श्यात ठेवावेत. पानांची टोके बोटाने दाबून पाहिली तरी टोचू नयेत इतकी गोल करावीत. काट्यांची नक्षी कितीही आवडली तरी घराच्या आत नको.

किलोवर दर का देत नाही?

कारण वजनात मेहनत मोजली जात नाही. वजनाचा अंदाज ग्राहकाला स्वतः काढता येतो: गोल सळईच्या मिलिमीटरमधील व्यासाचा वर्ग करून त्याला १६२ ने भागले की एका मीटरचे किलोतील वजन मिळते. १२ मिलिमीटरची गोल सळई म्हणजे मीटरला सुमारे ०.८९ किलो, आणि त्याच मापाची चौकोनी सळई सुमारे १.१३ किलो. या हिशेबाने ३ मीटर लांब आणि १ मीटर उंच साधा कठडा, वरखाली ४० बाय १० मिलिमीटरच्या पट्ट्या धरून, सुमारे ४५ किलोचा होतो. त्यावर वेल चढवली तर वजन थोडेच वाढते, पण कामाचे दिवस कित्येक पटींनी वाढतात. म्हणून आधी एक नमुना पान घडवून त्याला लागलेला वेळ ग्राहकाला दाखवणे आणि त्यावरून एकूण दर ठरवणे हीच पद्धत आम्हाला प्रामाणिक वाटते.

काम केव्हा सांगावे?

पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर हा काळ रेखाटनासाठी आणि भट्टीवरच्या कामासाठी चांगला असतो, परंतु रंगासाठी अजिबात नाही. हवेतील सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असताना किंवा धातूचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी अधिक नसताना रंग लावू नये, हा सर्वमान्य नियम आहे, आणि गोव्याच्या पावसाळ्यात तो पाळणे जवळजवळ अशक्य असते. दिवाळीनंतर रंग आणि बसवणी केली की कामाला पूर्ण कोरडा हंगाम मिळतो. चतुर्थीच्या आधी बाहेरचे काम रंगवून हवेच, असा आग्रह कृपया धरू नये.

आमच्या जुन्या घराचा कठडा तुटला आहे. त्याच नमुन्याचा तुकडा घडवून जोडता येईल का?

आधी तो घडीव आहे की ओतीव हे पाहावे लागेल. पणजीतील फोंताइन्हाससारख्या जुन्या वस्त्यांत दोन्ही प्रकार दिसतात. ओतीव लोखंडात कार्बन साधारण २ ते ४ टक्के असतो. ते ठोकले तर वाकण्याऐवजी फुटते, आणि नेहमीच्या वेल्डिंगने जोडल्यास जोडाशेजारीच पुन्हा तडा जातो. त्यासाठी निकेलयुक्त इलेक्ट्रोड, आधी सावकाश तापवणे आणि नंतर तितकेच सावकाश निववणे आवश्यक असते. किंवा हरवलेल्या भागाचा साचा घेऊन तो नव्याने ओतून घ्यावा. घडीव कठड्याला मात्र घडीव तुकडा बेमालूम जोडता येतो. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असल्याने तो कोरडा घासून त्याची धूळ उडवू नये. घर संवर्धन क्षेत्रात येत असेल तर कठड्याचा नमुना बदलण्यापूर्वी परवानगीची चौकशी करावी.

घरातल्या कामाला रंगच द्यावा लागतो का?

नाही. कोरड्या खोलीतील दिव्यांना आणि जाळ्यांना, धातू हाताला चटका बसेल इतपत गरम असताना मधमाश्यांचे मेण आणि जवसाचे तेल चोळले की भट्टीचा काळसर रंग खुलतो. दरवर्षी पावसाळ्याआधी एक पातळ हात द्यावा. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवू नयेत, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. त्या पाण्यात बुडवाव्यात किंवा उघड्यावर पसरून वाळवाव्यात.

देखभाल किती लागते?

समुद्राजवळच्या घरात महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने कठडा आणि गेट धुवावे, विशेषतः पावसाचे पाणी पोहोचत नाही असा पानांचा खालचा भाग. पाऊस मीठ धुऊन नेतो, पण सज्जाखालच्या कामावर ते साचतच राहते, त्यामुळे आडोशाचे काम उघड्यावरच्या कामाच्या आधी गंजलेले अनेकदा आढळते. ऑक्टोबरात एकदा सर्व जोड, बिजागऱ्या आणि पानांच्या माना तपासाव्यात. तांबूस ठिपका दिसला तर तो तारेच्या ब्रशने स्वच्छ करून, धुऊन, पूर्ण सुकवून त्याच आठवड्यात प्रायमर लावावा. निथळण्याची भोके कुजलेल्या पानांनी किंवा कुंभारमाशीच्या मातीने बुजतात. ती काडीने मोकळी करावीत.

एखादे पान स्वतः घडवून पाहता येईल का?

अवश्य, आणि घरातल्या माणसाने घडवलेले एक तरी पान कामात असावे असे आम्हाला मनापासून वाटते. येताना सुती कपडे आणि बंद बूट घालावेत. कृत्रिम धाग्याच्या कपड्यावर ठिणगी पडली की तो वितळून अंगाला चिकटतो. डोळ्यांसाठी चश्मा आम्ही देतो. घरी प्रयत्न करायचा झाल्यास जस्ताचा मुलामा असलेली जुनी नळी किंवा पत्रा भट्टीत कधीही घालू नये, कारण जस्ताच्या धुराने थंडी वाजून ताप येतो. गावातील कोयते आणि विळ्या घडवणाऱ्या लोहारकाकांकडे जाऊन बसावे आणि सांडशीत काम कसे धरतात ते आधी नुसते पाहावे. ऐरण, हातोडा आणि आग त्यांच्याकडे असतेच. आपल्या झाडाचे एक ताजे पान तेवढे सोबत न्यावे.